बैलाची दुपारची सुट्टी

मे महिना. नांदेडचा पारा 42 वर. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि दुपारी एक वाजता एक बैलगाडी सिमेंटची पोती घेऊन चाललीय. सांगा पाहू, इथे कायदा कोण मोडतंय? गाडीवान!

हो, बैलांना आपल्या देशात चक्क वेळापत्रक आहे. 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा झाला. राज्यसभेत त्यासाठी धडपडल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल. त्या कायद्याखाली 1965 मध्ये ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी नियम आले. गाडीला किंवा ओझ्याला लावलेल्या जनावराला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. सलग 5 तासांच्या वर नाही, मध्ये विश्रांती हवी. आणि पारा 37 अंशांच्या पुढे असेल तर दुपारी 12 ते 3 काम बंद. टोकाला खिळा ठोकलेली पराणी तर हातात धरायचीच नाही.

विश्रांतीचं एवढं काय, असं वाटेल. त्यासाठी बसलेल्या बैलाच्या गळ्याकडे जरा नीट बघा. तो चावत असतो, मग गिळतो, एक गोळा सर्रकन खाली जातो. क्षणभर तोंड थांबतं. आणि दुसरा गोळा गळ्यातून वर येताना स्पष्ट दिसतो! हेच रवंथ. सकाळी घाईघाईत गिळलेला कडबा तो आता सावकाश चावतोय. दिवसाकाठी सात-आठ तास त्याचे यातच जातात. त्याच्या पोटाला चार कप्पे. पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव कडबा आंबवून पचवत असतात, आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. म्हणजे वरून ऊन आणि आतूनही ऊब. जुंपलेल्या बैलाला निवांत रवंथ करायला मिळेल कसं? आपल्याकडचे जुने शेतकरी उन्हं चढली की औत सोडतात, ते उगाच नाही.

आपला भाग तर बैलांसाठी नावाजलेला. कंधारची लाल कंधारी आणि लातूरकडची काळी-पांढरी देवणी. देवणीतही वानेरा, बालंक्या, शेवेरा असे प्रकार. तोंडावर काळं आहे की अंगावर ठिपके, यावरून जाणकार लांबूनच ओळखतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात हे बैल बघायला मिळतात. आणि शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, म्हटलं की गावच्या गाव लोटतं.

याच शर्यतींवरून बैलांचं प्रकरण थेट दिल्लीला पोचलं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतलं जल्लीकट्टू (मोकळ्या बैलाला आवरण्याचा खेळ) आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती बंद केल्या. न्यायाधीशांनी बैलाच्या शरीराचा विचार केला. त्याची ठेवण घोड्यासारखी शर्यतीत पळण्याची नाही, तो पळतो तो बहुतेक वेळा घाबरून, असं त्यांचं म्हणणं. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. तेव्हा बाजूने धावत येणारा माणूस त्याच्या नजरेतून सुटत नाही.

गोष्ट इथे संपली नाही. 2017 मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरता कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांनी राज्यांचे बदललेले कायदे योग्य ठरवले. बैलांना माणसासारखे मूलभूत हक्क द्यायचे का, हा प्रश्न मात्र त्यांनी कायदे करणाऱ्यांवर सोपवला.

मला हे जरा चमत्कारिक वाटतं. कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' व्हायला हातपाय लागत नाहीत. कंपनी ही व्यक्ती आहे, ती खटला भरू शकते. देवळातला देवही व्यक्ती आहे, त्याच्या नावावर जमीन असते, सातबाऱ्यावर नाव लागतं! मग त्या जमिनीत राबणारा बैल? तो मालमत्ता. त्याला त्रास दिला तर शिक्षा आहे, पण स्वतःच्या नावाने तो दाद मागू शकत नाही.

परदेशातही हीच ओढाताण चालू आहे. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी नावाच्या हत्तिणीची सुटका व्हावी म्हणून वकील भांडले. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी नकार दिला. अर्जेंटिनातल्या सँड्रा या ओरांगउटान मादीचं नशीब बरं. तिथल्या न्यायालयाने तिला हक्क आहेत असं मान्य केलं, आणि 2019 मध्ये ती अमेरिकेतल्या वानरांच्या अभयारण्यात राहायला गेली.

आता एक कोडं तुमच्यासाठी. 1965 चा तो नियम पुन्हा वाचा. त्यात गाडी आहे, ओझं आहे. नांगर आणि वखर कुठे आहेत? मे महिन्यात दुपारी दोनला रानात नांगर ओढणाऱ्या बैलाला 37 अंशांची सुट्टी मिळते की नाही? घरात कुणी वकील असेल तर त्यांना विचारा, आणि आजोबांनाही. दोघांची उत्तरं सारखी येतील असं मला वाटत नाही.