मांगानी : एका कल्पित कपिजातीची भाषा

अमेरिकन कादंबरीकार एडगर राइस बरोज यांनी १९१२ मध्ये आरंभिलेल्या टारझन-कथामालेतील मांगानी ही वृक्षांवर वावरणारी, प्राणिशास्त्रास अज्ञात अशी कपिजात होय. गोरिलाहून ती भिन्न आहे. गोरिलासाठी तिच्या भाषेत ‘बोल्गानी’ हा स्वतंत्र शब्द आढळतो. याच भाषेत ‘टार’ म्हणजे पांढरा व ‘गो’ म्हणजे काळा. साहजिकच गोरा माणूस ‘टारमांगानी’, तर काळा ‘गोमांगानी’ ठरतो. वरकरणी येथे माणूसच कपीच्या मापाने मोजला जातो आणि दोन्ही वर्ण एकाच कुळात येतात. तथापि, कपींच्या भाषेनेही माणसांची वाटणी वर्णावरूनच करावी, यातून वसाहतकालीन लेखकाची दृष्टी उघड होते. ‘टारझन’ या नावाचा अर्थही ‘गोरी कातडी’ असाच आहे. म्हणूनच कल्पित सृष्टीच्या अभ्यासकाने तेथील प्राण्यांइतकीच त्यांच्या शब्दसंग्रहाचीही चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.