आनंदवनातले डोळे

कुष्ठरोग जुना झाला की बोटांची संवेदना जाते. चहाचा पेला किती तापलाय, चुलीतला निखारा हाताला लागतोय का, हे डोळ्यांनी बघूनच ठरवावं लागतं. अशा माणसाला मोतीबिंदू झाला, तर डोळ्यांपाठोपाठ त्याचे हातही आंधळे होतात. त्यातून या डोळ्यांची शस्त्रक्रिया अवघड. आतल्या जुन्या दाहामुळे बाहुली पुरती उघडत नाही, कधी ती भिंगालाच चिकटलेली असते. पापणी मिटत नसली तर डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा कोरडा पडून नाजूक झालेला असतो. वरोऱ्याजवळच्या आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत शिबिरं घेऊन डॉ. तात्याराव लहाने यांनी असे डोळे उघडले. लाखाच्या वर शस्त्रक्रिया त्यांच्या नावावर आहेत, पण मला मोठं वाटतं ते हे काम.

लातूर जिल्ह्यातलं, रेणापूर तालुक्यातलं माकेगाव हे त्यांचं गाव. घर शेतकऱ्याचं, परिस्थिती हलाखीची. सरकारी नोकरीत ते आधी अंबाजोगाईला होते, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आले. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि 1995 साली आईने, अंजनाबाईंनी, आपलं एक मूत्रपिंड त्यांना दिलं. अशा रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. संसर्गापासून जपायला हवं अशा अवस्थेत हा माणूस पुन्हा सरकारी ओपीडीच्या गर्दीत जाऊन बसला. या धाडसापुढे मी नतमस्तक आहे.

शिबिरांत होणाऱ्या मोतीबिंदूच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जेमतेम सहा-सात मिलिमीटरची तिरकी वाट काढतात. भिंगाच्या पिशवीचं वरचं आवरण गोल फाडायचं, आतला गढूळ गर त्या वाटेने बाहेर काढायचा आणि रिकाम्या पिशवीत नवं भिंग सरकवायचं. वाट तिरकी असल्याने डोळ्याच्या आतल्या दाबानेच ती मिटते. महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो सरावलेला हात. म्हणून तर ही शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांतल्या शिबिरांना परवडते.

लहाने यांना 2008 साली पद्मश्री मिळाली, पुढे जे. जे.चं अधिष्ठातापद आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षणाचं संचालकपदही आलं. 2023 मध्ये मात्र जे. जे.च्या निवासी डॉक्टरांनी संप केला. आम्हाला पुरेशा शस्त्रक्रिया करू देत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार. लहाने यांनी ती फेटाळली आणि सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. त्यात कोण बरोबर, याचा निवाडा मी करणार नाही. पण सराव हाच ज्या विद्येचा प्राण, तिथे शिकणाऱ्याच्या हाती डोळा कधी द्यायचा, हा प्रश्न खरा आहे. आधीच्या पिढीचा हातही कुणीतरी विश्वास टाकला म्हणूनच बसला.

माझी आजी मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघत चार वर्षं घरात बसून होती. आता तसं थांबावं लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी गावातल्या बायकांबरोबर ती शिबिराला गेली. परत आल्यावर काळा चष्मा लावूनच तिने सूप पुढ्यात ओढलं, तांदळातला एक बारीक खडा उचलला आणि तळहातावर ठेवून आम्हाला दाखवला.