वाचता आलं, तरी वाचून दाखवा

पहिली संपता संपता मूल अडखळत का होईना वाचू लागतं आणि बऱ्याच घरांत त्याच सुमारास त्याला वाचून दाखवणं बंद पडतं. कुणी ठरवून बंद करत नाही. आईला वाटतं, आता येतंय ना त्याला. बाबा म्हणतात, सवय लागायची तर स्वतःच वाचायला हवं. कालपर्यंत मांडीवर बसून ज्या पुस्तकात मूल रमत होतं, तेच पुस्तक समोर धरून आता त्याला सांगितलं जातं, "वाच बघू, मोठ्यानं." दोन ओळींत त्याची दमछाक होते. अक्षरं लावण्याच्या नादात गोष्ट कुठल्या कुठे राहते. आणि मग तिसरी-चौथीत आपणच तक्रार करू लागतो की आमच्या मुलाला वाचनाची गोडी म्हणून नाही.

गोडी होती. चार वर्षांचं मूल रोज रात्री तेच पुस्तक घेऊन मागे लागत होतं, ती गोडीच होती. ज्या वयात तिला आधार हवा होता, त्याच वयात आपण हात काढून घेतला. मुलाला वाचता येऊ लागल्यावर पुढची तीन-चार वर्षं तरी त्याला वाचून दाखवत राहणं, हे घरानं मुलाच्या वाचनासाठी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम आहे असं मला ठामपणे वाटतं. मराठी वाचू लागलेल्या मुलाच्या बाबतीत तर याला पर्याय नाही.

का, ते आपल्या लिपीत डोकावून पाहिलं की कळतं. इंग्रजीत मुळाक्षरं २६. मराठीत एकेका व्यंजनाची बाराखडी धरली तर अक्षरांची रूपं सहज चारशेच्या वर जातात, आणि त्यानंतर जोडाक्षरं सुरू होतात. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ हे चार शब्द मुलाच्या नजरेनं पाहा. चारही ठिकाणी र आहे आणि चारही ठिकाणी तो वेगळा दिसतो. एकदा डोक्यावर, एकदा पोटात तिरकी रेघ होऊन, एकदा ट च्या पायाशी, तर एकदा कोयरीसारखा वळून. आपल्याला याची इतकी सवय झालेली असते की यात अवघड काही आहे हेच जाणवत नाही. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. कन्नडची अक्षरं दिसायला वेगळी असली, तरी काना-मात्रा आणि जोडाक्षरांची घडण आपल्यासारखीच आहे. ही सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना चौथी उजाडते, असं त्यात दिसलं. म्हणजे दुसरीतलं मूल अडखळतं ते आळसामुळे नव्हे. त्याचा रस्ताच लांबचा आहे.

या लांबच्या रस्त्यावर मन मात्र थांबून राहत नाही. सात वर्षांच्या मुलाला भा. रा. भागवतांच्या गोष्टींतल्या फुरसुंगीच्या बनेश फेणेच्या उचापती पुरेपूर समजतात. कोण खोटं बोलतंय, कोण कुणाला फसवतंय, सायकल का वळली, सगळं समजतं. पण त्याला स्वतःला वाचता येतात ती तीन-तीन शब्दांची बिनजोडाक्षरी वाक्यं. ऐकून किती समजतं आणि वाचून किती समजतं, याचा अभ्यास थॉमस स्टिक्ट या अमेरिकी संशोधकानं १९७० च्या दशकात केला. ही दरी साधारण सातवी-आठवीपर्यंत टिकते, असा त्याचा निष्कर्ष होता. दरीच्या या बाजूला फक्त सराव असतो आणि त्या बाजूला गोष्टी असतात. मोठ्या माणसानं वाचून दाखवलं नाही तर मुलाच्या वाट्याला नुसता सराव उरतो, आणि नुसत्या सरावानं कुणाला कशाची गोडी लागलेली मी पाहिलेली नाही.

खरं तर वाचून दाखवणं आपल्या घरांना नवं नाही. चातुर्मासात पोथी लागायची. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे, आणि त्यानंतर पिढ्यान् पिढ्या ते महाराष्ट्रात मुख्यतः ऐकले गेले. एक जण वाचायचा, बाकीचे वाती वळत, भाजी निवडत ऐकायचे. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बायकांना ओव्याच्या ओव्या पाठ असत. मुलं तिथेच आजीच्या मांडीवर पेंगत असत आणि झोपेतसुद्धा ती भाषा त्यांच्या कानावर पडत असे. अध्याय संपल्यावर कुणी कुणाला प्रश्न विचारत नसे. आरती व्हायची, प्रसाद मिळायचा आणि उद्या पुढचा अध्याय आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

त्यातल्या दोन गोष्टी आजही जशाच्या तशा उचलाव्यात. ठरलेली वेळ, आणि परीक्षा नाही.

परीक्षेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण चांगले, सुशिक्षित, मुलांसाठी पुष्कळ काही करणारे आईबाप नेमके इथे चुकतात. गोष्ट संपली रे संपली की, "मग काय शिकलास यातून? तात्पर्य काय?" पाहुणे आले की, "काकांना वाचून दाखव बरं." टीव्ही लावायचा तर आधी पाच पानं. अशानं पुस्तक हे टीव्हीच्या आधीचं कडू औषध ठरतं आणि टीव्ही हे बक्षीस. डॅनिएल पेनॅक या फ्रेंच शिक्षक-लेखकानं १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले. त्यातला पहिलाच हक्क न वाचण्याचा आहे. पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, तेच पुन्हा वाचण्याचा हेही हक्क त्यात आहेत. मोठे म्हणून आपण हे सगळे रोज वापरतो. मुलांना ते द्यायला मात्र आपला जीव धजत नाही.

म्हणजे गोष्टीवर बोलायचंच नाही असं मुळीच नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना वाचता वाचता मुलाला बोलतं कसं करायचं, एवढंच शिकवलं. महिनाभरातच त्या मुलांच्या बोलण्यात ठळक फरक पडला. प्रश्न कसा आहे यावर सगळं अवलंबून असतं. ‘या प्राण्याचं नाव काय?’ ही परीक्षा झाली. ‘अगंबाई, आता हा कुठे लपणार?’ या गप्पा झाल्या. पहिल्यात उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. दुसऱ्यात आपणही मुलाबरोबर पुढचं पान उलटायला उत्सुक असतो, आणि ते मुलाला बरोबर कळतं.

शेजारच्या घरात एका संध्याकाळी मी हे जवळून पाहिलं. आजोबा नातीला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होते. ती पाचएक वर्षांची. पुस्तकाची पानं कोपऱ्यांना मऊ पडलेली, एक पान चिकटपट्टीनं जोडलेलं. आजोबांना बातम्यांची घाई असावी, एका पानावर त्यांनी मधलं वाक्य गाळलं. नातीनं पान धरून ठेवलं. "आबा, मांजराचं राहिलं." त्यांनी मागे जाऊन मांजराचं वाक्य वाचलं, तेव्हाच तिनं पान सोडलं. तिला अजून वाचता येत नव्हतं. पण छापलेले शब्द ठरलेले असतात, ते वाचणाऱ्याच्या मर्जीनं बदलत नाहीत, हे तिला पक्कं कळलेलं होतं. ही समज कुठलीही अंकलिपी देत नाही. ती शंभरदा ऐकलेल्या एकाच पुस्तकातून येते.

म्हणून ‘रोज तेच काय, नवीन घे की’ असं म्हणू नये. जेसिका हॉर्स्ट यांनी ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नवे शब्द तेवढेच, पण काही मुलांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली आणि काहींनी वेगवेगळ्या गोष्टी. शब्द जास्त लक्षात राहिले ते पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांच्या. तसंच वाचत असताना ‘अक्षरांकडे बघ’ असंही बजावू नये. वाचून दाखवत असताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर कुठे असते, हे २००५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी यंत्रानं मोजलं. ती जवळजवळ सगळा वेळ चित्रावरच होती. तशीच ती असणार. अधूनमधून शब्दांखालून बोट फिरवलं की पुरे.

वाचून दाखवण्यातून आणखी एक गोष्ट मिळते, आणि सध्या तिचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ती म्हणजे शब्द. रोजच्या धावपळीत घरातली मराठी फार थोड्या शब्दांवर चालते. आवर, चल, डबा घेतलास का, होमवर्क झालं का. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वाक्यात तर बर्ड ट्रीवर बसलेला असतो. त्याला पक्षी, ढोली, फांदी, किलबिल, भुर्रकन हे शब्द कोण देणार? व्याकरणाचं पुस्तक देत नाही, रागावूनही येत नाहीत. १९८८ मध्ये हेज आणि अहरेन्स या दोन अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीत मोजदाद करून दाखवलं होतं की सुशिक्षित प्रौढांच्या आपापसातल्या बोलण्यापेक्षाही लहान मुलांच्या पुस्तकांत कमी वापरातले शब्द जास्त असतात. मराठीतही कुणी कुठलंही चांगलं बालपुस्तक उघडून पाहावं. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला देवनागरी सावकाश येईल, पण कान आत्ताच तयार आहेत. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या नातवंडांना व्हिडिओ कॉलवर रोज एक गोष्ट वाचून दाखवणारे आजी-आजोबा आहेत. मराठी टिकवण्याचं काम ते मोठमोठ्या भाषणांपेक्षा चोख करत आहेत.

वाचायचं काय, याची उणीव मराठीत नाही. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आहेत. ‘राधाचं घर’, ‘यश’, चित्रांवरून मुलांशी गप्पा माराव्यात म्हणून केलेलं ‘चित्रवाचन’. आपल्या घरांतली माणसं, ओट्यावरची भांडी, जिन्यातले शेजारी त्यांत जसेच्या तसे भेटतात, आणि मूल चित्रात आपलं घर शोधू लागतं. जरा मोठं झालं की भा. रा. भागवत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत. कुणाला फक्त रेल्वेचीच पुस्तकं हवी असतील, कुणाला डायनोसॉरची, कुणाला अमर चित्र कथा. द्यावीत. ‘चांगलं’ पुस्तक आणि ‘टाइमपास’ पुस्तक हा भेद त्या वयात करू नये.

पुस्तकं कुठे ठेवली आहेत, यालाही महत्त्व आहे. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर पुस्तकं असली की घर सुशिक्षित दिसतं, पण मुलाला ती मिळत नाहीत. खालचा कप्पा मुलाचा असावा, पुस्तकांची मुखपृष्ठं समोर दिसावीत, आणि पान फाटलं तर चिकटपट्टी लावावी, धपाटा देऊ नये. छापलेलं बाकी घरभर असतंच. किराण्याची यादी मुलाला वाचू द्यावी, एसटीची पाटी त्यानंच वाचावी, कालनिर्णयच्या पानावर एकादशी कधी आहे हे त्यानंच आजीला सांगावं. शहरातल्या जुन्या ग्रंथालयांत बालविभाग असतात. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आपल्या गावातलंही एखादं असेल. तिथे मुलाच्या नावाचं कार्ड काढावं, आणि पुस्तक त्यानं स्वतः निवडावं.

ज्या घरांत आईवडिलांना वाचता येत नाही, तिथे काय करायचं? चित्र वाचता येतं. चित्र पाहून आईनं आपल्या शब्दांत सांगितलेली गोष्ट कमी प्रतीची नसते. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या शाळापूर्व तयारीसाठीच्या ‘पहिले पाऊल’ उपक्रमात गावोगाव माता गट जमले, तेव्हा कमी शिकलेल्या आयाही मुलांना घेऊन गोष्टी, खेळ, गप्पा करत बसल्या. मोठी बहीण धाकट्याला वाचून दाखवू शकते, आणि त्यात तिचंही वाचन पक्कं होतं.

आणि बाबांनी वाचावं. हे वेगळं लिहावं लागतं, कारण गोष्ट हे आईचं किंवा आजीचं खातं, असं अजून बऱ्याच घरांत धरलं जातं. बाबा वाचताना दिसले नाहीत की मुलगा हळूहळू ठरवून टाकतो की हे पुरुषांचं काम नव्हे.

मूल स्वतः वाचायला केव्हा लागतं? त्याला एक जुनी युक्ती आहे, पोथीवाल्यांना आणि मालिकावाल्यांना सारखीच माहीत असलेली. ऐन रंगात थांबायचं. दरोडेखोर दाराशी आलेत आणि प्रकरण तिथेच बंद. "आता उद्या." पुस्तक उशाशी ठेवून उठायचं. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय राहवत नाही तेव्हा मूल जोडाक्षरांना भीत नाही, गाळत, अंदाज करत, पण पुढे जातं. त्याआधीचा टप्पा म्हणजे एक पान मी, एक पान तू. त्यात ते अडलं तर शब्द सांगून टाकावा. तो फोडून वाचायला लावून गोष्टीचा जीव घेऊ नये. आणि सुरळीत वाचू लागल्यावरही त्यानं ‘वाचून दाखव’ म्हटलं तर, मग ते पाचवीत का असेना, नाही म्हणू नये.

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. शाळांत त्या दिवशी पुस्तकं बाहेर निघतात, ते चांगलंच आहे. उरलेले दिवस घराचे असतात. तेव्हा आज रात्री जेवणं उरकली की टीव्ही आणि सगळ्यांचे फोन पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. घरात पुस्तक नसेल तर ‘किशोर’चा एखादा जुना अंक उघडा, तेही जमत नसेल तर मुलाचं मराठीचं पाठ्यपुस्तकच घ्या, त्यातली पुढच्या महिन्यात शिकवणार असतील ती गोष्ट काढा. मुलाला जवळ घ्या आणि मोठ्यानं वाचायला लागा. ते तिसरीत असलं तरी वाचा.