मॉडबस रजिस्टर : १७२५४ म्हणजे २३० व्होल्ट कसे?

मीटरच्या पडद्यावर २३० व्होल्ट, स्काडावर, म्हणजे देखरेखीच्या संगणकावर, मात्र १७२५४. अशा वेळी पहिला संशय केबलवर येतो. केबल बदलली, प्रसंगी मीटरही बदलला, तरी आकडा हलत नाही.

गैरसमज : डेटा वाटेत बिघडला.
वस्तुस्थिती : मॉडबस आरटीयूच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी सीआरसीचे, म्हणजे चूक पकडणाऱ्या तपासणीचे, दोन बाइट असतात. संदेश बिघडला की तो नाकारला जातो. आकडा आला आहे, तर तो बहुधा मीटरने पाठवला तसाच आला आहे. चूक तो वाचण्यात आहे. मोडिकॉनने १९७९ मध्ये आणलेल्या या प्रोटोकॉलचे रजिस्टर १६ बिटांचे, त्यात ० ते ६५५३५ एवढेच मावते. चिन्ह, दशांश, एकक यांची तिथे नोंदच नसते.

२३० हा फ्लोट, म्हणजे दशांश मावणारी संख्या, म्हणून ३२ बिटांत लिहिला की दोन रजिस्टरे लागतात : पहिल्यात १७२५४, दुसऱ्यात ०. पहिलेच वाचले तर १७२५४ दिसणार. दोन्ही वाचली पण उलट क्रमाने जोडली, तर उत्तर इतके सूक्ष्म येते की पडद्यावर शून्यच दिसते.

गैरसमज : मॉडबस बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) आहे, म्हणजे क्रम ठरलेलाच.
वस्तुस्थिती : एका रजिस्टरमधल्या दोन बाइटांचा क्रम ठरलेला आहे. दोन रजिस्टरांपैकी आधी कोणते, हे मानकात सांगितलेले नाही. ते उत्पादक ठरवतो.

शीतगृहाचे तापमान ६५४८.४ अंश दिसले, तर सेन्सर काढू नका. उणे ५.२ ला दहाने गुणून उणे ५२ पाठवले, ते चिन्हाविना वाचल्यावर ६५४८४ झाले. स्काडात डेटाचा प्रकार ‘साइन्ड’ (चिन्हासह) निवडला की काम झाले.

गैरसमज : फ्लोट सर्वांत अचूक.
वस्तुस्थिती : ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ नंतरचा प्रत्येक पूर्णांक मावेलच असे नाही; १,६७,७७,२१७ लिहिताच येत नाही. वॅट-अवर मोजणाऱ्या मीटरला हा टप्पा १६,७७७ युनिटांनंतर लागतो. म्हणून ऊर्जेची मोजणी पूर्णांकातच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

आणि पत्त्यांबद्दल : ४०००१ हा रजिस्टरचा कागदावरचा क्रमांक. संदेशात त्याचा पत्ता ० असतो.

मीटर घेतानाच उत्पादकाकडून डेटाचा प्रकार, रजिस्टरांचा क्रम, गुणक, एकक आणि पत्ते ० पासून की १ पासून, हे लेखी मागून घ्या.