काटा उतरला, पण नेमके काय उतरले?

नेवासे तालुक्यातील ६८ वर्षांच्या एक आजी मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. वजन ७२ किलो भरले तेव्हा ते कमी करण्याचा सल्ला मीच दिला होता. चार महिन्यांनी काटा ६४ वर आला. मी तोंडभरून कौतुक केले. निघताना मात्र त्यांना खुर्चीतून उठता येईना. दोन्ही हातांनी रेटा देऊन त्या दुसऱ्या प्रयत्नात उठल्या. चौकशीअंती कळले की दुपारी अर्धी भाकरी व पालेभाजी, रात्री नुसता चहा असा त्यांचा क्रम होता. दूध, डाळ, मटकी 'जड पडते' म्हणून बंद. गेलेल्या आठ किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे मी पाहिलेच नव्हते. कंबरेला टेप लावण्याचे साधे कामही माझ्याकडून राहून गेले होते.

वजन म्हणजे हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी यांची बेरीज. अन्न एकाएकी तोडले की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्ची घालते. तरुणपणी ही तूट भरून निघते. साठीनंतर ती सहजी भरत नाही. पुढे वजन पुन्हा वाढले, तर परत येते ती बहुधा चरबीच.

आपल्या लोकांच्या बाबतीत काटा अधिकच फसवा ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुणे जिल्ह्यातील खेड्यांतल्या नवजात बालकांतही याज्ञिक यांच्या पथकाला हेच आढळले. सरासरी वजन अवघे २.७ किलो, स्नायू इंग्लंडमधील बाळांपेक्षा पुष्कळ कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. हडकुळा दिसणारा माणूस आतून स्थूल असू शकतो, तो असा.

मग घरी काय मोजावे? सर्वप्रथम कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप उघड्या त्वचेवर लावावी. लुगड्याच्या किंवा नाडीच्या गाठीवरून नव्हे. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. माप पंधरा दिवसांनी पुरे. मी रुग्णांना एकादशीची सकाळ सांगतो. ती तिथी घरात कोणी ना कोणी लक्षात ठेवतेच.

दुसरे माप पोटरीचे, आणि वृद्धांच्या बाबतीत मी त्यालाच अधिक महत्त्व देतो. पाय जमिनीवर टेकवून बसवावे आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. पायांवर सूज असेल तर हे माप फसवते. त्यासोबत खुर्चीची परीक्षा करावी. खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर बांधून, पाच वेळा उठायचे व बसायचे. जवळच्या माणसाने शेजारी उभे राहावे. १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर डॉक्टरांना सांगावे.

चरबीची टक्केवारी दाखवणारे वजनकाटे हल्ली मुले आईवडिलांना भेट देतात. हे यंत्र तळपायांतून सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधते. उन्हाळ्यात शरीर कोरडे पडले, लघवीच्या गोळ्या चालू असल्या किंवा शेतात राबून टाचा भेगाळलेल्या असल्या की आकडा हलतो. रोज पाहून जिवाला घोर लावण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचा कल पाहावा. पेसमेकर बसवलेल्यांनी त्यावर उभे राहू नये.

कंबर उतरली आणि पोटरी तशीच राहिली, तर चरबी जात आहे. वजन घटले, कंबर हलली नाही आणि पोटरी बारीक झाली, तर स्नायू जात आहेत. तो उपाय तिथेच थांबवावा. वजन तेच आणि कंबर कमी, हे मात्र यशच आहे, त्यात खट्टू होण्यासारखे काही नाही.

ज्येष्ठांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. डाळ, हुलगा, मटकी, दूध, दही, चालत असल्यास अंडी यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार घटवण्यापूर्वी विचारावे. एरवी साखर एकदम खाली जाते. आणि काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलोंनी घटले, तर आनंद मानू नये. त्यामागे क्षयरोग, कर्करोग, बेताल मधुमेह, खिन्नता किंवा नुसती न बसणारी कवळीही असू शकते.

आजींचे दूध आणि मटकी पुन्हा सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ खुर्चीचा व्यायामही. सहा महिन्यांत वजन एक किलोने वाढले, कंबर ९७ वरून ९२ वर आली. आता त्या हात न टेकता उठतात. "डॉक्टर, वजन वाढलं की!" ही तक्रार त्या अजूनही करतात. टेप सूनबाई लावतात, आणि त्यांची वही माझ्या नोंदींपेक्षा नेटकी असते.