छापील गणिताची उलटी वाट

झाशीस १९७५ साली बुंदेलखंड विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत डोनाल्ड कनूथ यांनी स्वतःच्या ग्रंथाची ओबडधोबड मुद्रिते पाहून 'टेक्' ही गणित जुळविण्याची प्रणाली रचावयास घेतली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लाटेक' उभारली. आज झाशीतील एखाद्या अध्यापकाने तीत जुळविलेली टिपणे सहकाऱ्याने दुरुस्तीसाठी 'वर्ड'मध्ये मागितली, म्हणजे खरी अडचण सुरू होते.

मूळ लाटेक-मजकूर हाती असल्यास काम पुष्कळ सुकर. 'हा अंश, हा छेद' असे त्यात स्पष्टच लिहिलेले असते. जॉन मॅकफार्लन यांचा 'पॅनडॉक' (२००६) त्याची वर्डमधील समीकरणे करून देतो. लेखकाने स्वतः घडविलेल्या गुंतागुंतीच्या आज्ञांपाशी मात्र तो अडखळतो.

पण केवळ पीडीएफ उरली असेल तर? तीत बहुधा अक्षरे व त्यांची पानावरील स्थाने एवढेच असते. अपूर्णांकाची रेघ ही नुसती रेघच! किंचित वर बसलेला लहान अंक हा घातांक होय, हे यंत्रास अनुमानानेच ताडावे लागते. म्हणून रूपांतरित पानाची एकेक ओळ मुळाशी पडताळावी लागते. एरवी 'क्ष'च्या माथ्यावरील २ गुपचूप खाली उतरतो, आणि विद्यार्थी वर्ग करण्याऐवजी दुप्पट करतो.