वनस्पती व त्यांचे उपयोग : पुस्तक कसे निवडावे?

वनस्पतींशी मनुष्याचा संबंध केवळ अन्नापुरता नाही. वस्त्र, तेल, दोर, रंग, औषध व इमारती लाकूड यांसाठीही तो वनस्पतींवरच अवलंबून आहे. या विषयावरील एखादे चांगले पुस्तक गावच्या वाचनालयात असणे इष्ट होय. परंतु सदोष पुस्तक हे पुस्तक नसण्यापेक्षाही अधिक अपायकारक ठरते. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) नावे : धोत्रा व पिवळा धोत्रा यांची नावे सारखी असली तरी झाडे निराळी आहेत. पहिले वांग्याच्या कुळातील, तर दुसरे अफूच्या कुळातील होय. पिवळ्या धोत्र्याचे विषारी बी मोहरीसारखे दिसते. त्याच्या तेलाची भेसळ असलेले मोहरीचे तेल खाण्यात आल्याने १९९८ साली दिल्लीत अंगावर सूज येण्याच्या रोगाची साथ पसरली व ६० हून अधिक माणसे दगावली. यास्तव मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव व स्पष्ट चित्र नसलेले पुस्तक घेऊ नये.

(२) उपयोग : वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या कामी व कोणत्या प्रक्रियेनंतर वापरावा, हे सांगितलेले असावे. एरंडीचे तेल औषधी व वंगण म्हणून उपयुक्त आहे. पेंड मात्र विषारी असते. ती खत म्हणून शेतात घालतात, जनावरांस चारीत नाहीत. हा भेद न सांगणारे पुस्तक अपुरे होय.

(३) मांडणी : अल्बर्ट हिल यांच्या १९३७ सालच्या 'इकॉनॉमिक बॉटनी' या ग्रंथात वनस्पतींची मांडणी उपयोगानुसार आहे. 'वेल्थ ऑफ इंडिया' या ग्रंथमालेत (पहिला खंड १९४८) ती शास्त्रीय नावांच्या अनुक्रमाने आहे. पहिली पद्धत शिकण्यास, तर दुसरी माहिती शोधण्यास सोयीची आहे. वाचनालयासाठी पहिल्या पद्धतीचे, परंतु शेवटी नावांची सूची असलेले पुस्तक घ्यावे.

(४) वर्ष : जुन्या पुस्तकांत ज्वारीचे नाव 'सॉर्घम व्हल्गेर' असे आढळते, आता 'सॉर्घम बायकलर' हे नाव रूढ आहे. सूचीत दोन्ही नावे असल्यास घोटाळा होत नाही.

खरेदीपूर्वी ज्वारी, अंबाडी, करंज, एरंड व पिवळा धोत्रा ही पाच नावे सूचीत शोधून पाहावीत. पाचांचीही माहिती वरील कसोट्यांस उतरल्यास ते पुस्तक घेण्यास हरकत नाही.